इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि उगम कसा शोधावा : ‘बेअर’ या क्रियापदाच्या आधारे

एखाद्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ विचारला की आपण एक मराठी प्रतिशब्द सांगून मोकळे होतो आणि उगम विचारला की उच्चाराने जवळ वाटणारा एखादा संस्कृत धातू पुढे करतो. ही दोन्ही उत्तरे अपुरी असतात आणि पुष्कळदा चुकीचीही निघतात. अर्थ शोधणे आणि उगम शोधणे ही दोन वेगळी कामे आहेत. त्यांची साधने वेगळी, पुरावे वेगळे. एका कामातला पुरावा दुसऱ्या कामात वापरला की गफलत होते. हे काम नीट कसे करावे, हे ‘बेअर’ या एकाच क्रियापदावर टप्प्याटप्प्याने करून पाहू. वाहणे, सोसणे, जन्म देणे अशा अर्थांचे, बी-ई-ए-आर या अक्षरांनी लिहिले जाणारे हे क्रियापद रोजच्या इंग्रजीत सतत भेटते. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी अर्थ अतिशय सैल आणि पसरट असल्यामुळे कोशकाराचे कष्ट वाढवणाऱ्या क्रियापदांची यादी दिली होती. त्या यादीतले पहिले नाव ‘बेअर’ आहे.

आधी वाक्ये, मग कोश

पहिले काम कोश उघडण्याआधीचे आहे. ते क्रियापद ज्या ज्या वाक्यांत भेटेल, ती वाक्ये जशीच्या तशी उतरवून घ्यावीत आणि प्रत्येक वाक्यात क्रियापदाचा कर्ता कोण व कर्म कोणते, एवढेच बाजूला लिहावे. ‘बेअर’च्या बाबतीत हे केले की थोड्याच वेळात एक विलक्षण पसारा समोर येतो. खांब छताचे वजन बेअर करतो, झाड फळे बेअर करते, स्त्री मूल बेअर करते, सैनिक शस्त्रे बेअर करतो, साक्षीदार साक्ष बेअर करतो, कागद एखाद्याची सही बेअर करतो, ठेव व्याज बेअर करते, माणूस मनात अढी बेअर करतो, एखादी गोष्ट ध्यानात बेअर करतो, खर्च बेअर करतो, आणि वाटसरू चौकातून डावीकडे बेअर करतो. शेवटच्या वाक्यात तर कर्मच नाही, हे लगेच टिपून ठेवावे, कारण अर्थाच्या इतिहासात अशा अपवादांना फार महत्त्व असते.

या वाक्यांचे मराठी करून पाहणे हा पुढचा उपयुक्त उपाय आहे. मात्र प्रत्येक वाक्यासाठी वेगळा प्रतिशब्द शोधण्याऐवजी, जास्तीत जास्त वाक्ये एकाच मराठी क्रियापदाने पेलतात का, ते पाहावे. ‘बेअर’साठी असे एक क्रियापद मराठीत आहे आणि ते म्हणजे ‘धरणे’. झाड फळ धरते, गर्भ धरतो, माणूस मनात राग धरतो, एखादी गोष्ट ध्यानात धरतो, संकटात तग धरतो, आणि चौकात डावीकडची वाटही धरतो. दोन भाषांतली दोन क्रियापदे इतक्या वळणांवर बरोबर चालताना क्वचितच दिसतात, आणि हे साम्य एकदा लक्षात आले की ‘बेअर’ची पाठ केलेली यादी गळून पडते व त्याच्या अर्थाचा गाभा हाती लागतो. कर्त्याने काही तरी स्वतःवर किंवा स्वतःमध्ये घेतलेले आहे आणि ते सांभाळले आहे, ही कल्पना जवळजवळ सगळ्या वाक्यांच्या तळाशी आहे.

याच टप्प्यावर वापराच्या मर्यादाही टिपाव्यात, कारण त्या प्रतिशब्दातून कधीच कळत नाहीत. सोसण्याच्या अर्थाने ‘बेअर’ रोजच्या बोलण्यात बहुधा नकारातच येते. ‘मला हे बेअर करवत नाही’ अशा धाटणीची वाक्ये इंग्रजीत पावलोपावली मिळतात, पण ‘मी हे बेअर करतो’ असे साधे होकारार्थी विधान कानाला अवघडलेले वाटते. दुसरी मर्यादा म्हणजे हातात पिशवी घेऊन जाण्यासाठी आजचा इंग्रजी भाषक ‘कॅरी’ म्हणतो. तिथे ‘बेअर’ वापरले तर ते समारंभी किंवा जुनाट वाटते. या दोन नोंदींची गरज पुढे इतिहास पाहताना पडणार आहे.

शब्द एकच आहे ना?

इथे नवशिक्याची सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून या टप्प्यावर रेंगाळायला हरकत नाही. एकसारखे लिहिले जाणारे किंवा उच्चारले जाणारे शब्द एकाच मुळातून आलेले असतात, असा आपला समज असतो. इंग्रजीत तो समज फार महागात पडतो. अस्वलासाठी असलेला ‘बेअर’ हा शब्द क्रियापदासारखाच लिहितात आणि तसाच उच्चारतात, परंतु त्या दोघांचा काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण अकराव्या शतकापर्यंतच्या इंग्रजीत, क्रियापद ‘बेरान’ होते आणि अस्वल ‘बेरा’ होते, म्हणजे तेव्हाही ते जवळजवळ सारखेच दिसत असत. अस्वलाच्या नावाचा मूळ अर्थ ‘तपकिरी’ असा असावा, असे सामान्यतः मानले जाते. त्या प्राण्याचे खरे जुने नाव उच्चारायला लोक बिचकत असावेत आणि म्हणून इंग्रजी, जर्मन यांच्या कुळातल्या, म्हणजे जर्मानिक, भाषांत हे टोपणनाव रूढ झाले असावे, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. ते जुने नाव लॅटिनमध्ये ‘उर्सुस’, ग्रीकमध्ये ‘आर्क्तोस’ आणि संस्कृतात ‘ऋक्ष’ या रूपांनी टिकून आहे. शेअर बाजारातल्या मंदीवाल्याला इंग्रजीत ‘बेअर’ म्हणतात, तोही या अस्वलाच्याच बाजूचा. त्याचा भार वाहण्याशी संबंध लावणे चुकीचे ठरेल.

उघडे किंवा अनावृत या अर्थाचे ‘बेअर’ हे विशेषण तर अधिकच फसवे आहे. आज त्याची अक्षरे वेगळी आहेत, पण जुन्या इंग्रजीत ते विशेषण आणि ‘वाहिले’ या अर्थाचे आपल्या क्रियापदाचे भूतकाळी रूप ही दोन्ही ‘बॅर’ अशीच लिहिली जात. भूतकाळाचे आजचे रूप ‘बोअर’ हेही असेच एकटे नाही. भोक पाडण्याचे ‘बोअर’ हे ‘बोरियान’ या वेगळ्या जुन्या क्रियापदापासून आले आहे, आणि कंटाळा आणण्याचे ‘बोअर’ अठराव्या शतकात उगवले असून त्याचा उगम निश्चित झालेला नाही. हातगाडीच्या ‘व्हीलबॅरो’मधला ‘बॅरो’ मात्र खरोखरच आपल्या क्रियापदाचा सगा आहे, तर प्राचीन थडग्यावरच्या टेकाडाला जो ‘बॅरो’ म्हणतात तो परका आहे.

यावर उपाय सोपा आहे. चांगल्या कोशात एकसारख्या दिसणाऱ्या पण भिन्न मुळांच्या शब्दांना स्वतंत्र नोंदी असतात आणि त्यांना वर लहान आकडे दिलेले असतात. त्या नोंदी किती आहेत, हे आधी मोजावे, आपण जमवलेले प्रत्येक वाक्य योग्य नोंदीखाली टाकावे, आणि मगच पुढे जावे.

व्युत्पत्तीची ओळ कशी वाचावी

इंग्रजीचे कोश दोन पद्धतींनी अर्थांचा क्रम लावतात. काही कोश आजच्या वापरात सर्वाधिक आढळणारा अर्थ प्रथम देतात. ऑक्सफर्डचा मोठा ऐतिहासिक कोश किंवा मेरियम-वेबस्टर यांसारखे कोश सर्वांत जुना अर्थ प्रथम देतात. हे माहीत नसले, तर ऐतिहासिक कोशातला पहिला अर्थ हाच मुख्य अर्थ आहे, अशी चुकीची समजूत होते. ऑक्सफर्डच्या कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम १९२८ साली पुरे झाले. प्रत्येक अर्थाखाली सालांसह जुनी अवतरणे देणे हे त्याचे वैशिष्ट्य आहे. अभ्यासकाने अर्थांच्या व्याख्येपेक्षा ती अवतरणे अधिक लक्षपूर्वक वाचावीत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण अर्थ कुठे वळला ते व्याख्येत दिसत नाही, वाक्यात दिसते.

कोशातल्या नोंदीत शब्दाचा उगम सांगणारी जी व्युत्पत्तीची ओळ असते, तिच्यात दोन प्रकारचे संबंध सांगितलेले असतात आणि त्यांची गल्लत करू नये. ‘अमुकपासून आले’ हा वंशाचा संबंध आहे आणि ‘अमुकशी सजातीय’ हा भाऊबंदकीचा. ‘बेअर’ हे जुन्या इंग्रजीतल्या ‘बेरान’पासून आले, हे पहिल्या प्रकारचे विधान होय. ते गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेतल्या ‘बैरान’, स्कँडिनेव्हियातल्या प्राचीन नॉर्स भाषेतल्या ‘बेरा’, लॅटिन ‘फेरो’, ग्रीक ‘फेरो’ आणि संस्कृत ‘भरति’ यांच्याशी सजातीय आहे, हे दुसऱ्या प्रकारचे. म्हणजेच ‘बेअर’ संस्कृतातून इंग्रजीत गेलेले नाही. दोघांचा पूर्वज एक आहे. तो पूर्वज आद्य इंडो-युरोपीय भाषेतला, म्हणजे या सगळ्या भाषांची समान जननी मानलेल्या भाषेतला, ‘भेर’ असा धातू मानला जातो आणि कोशात त्याच्या आधी एक तारांकन छापलेले असते. हे तारांकन फार महत्त्वाचे आहे. हे रूप कुठेही लिहिलेले सापडलेले नाही, ते वंशज भाषांच्या तुलनेतून सिद्ध केलेले आहे, असा त्याचा अर्थ आहे. तारांकित रूप उतरवून घेताना तारांकन गाळले, तर अनुमानाचा दस्तऐवज होऊन बसतो.

साम्याची कसोटी

कोलकात्यातले न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातले साम्य योगायोगाचे नसून त्या एका समान स्रोतातून निघाल्या असाव्यात, असे मत मांडले. परंतु साम्य नुसते जाणवणे पुरेसे नसते. ते नियमाने आले आहे, हे दाखवावे लागते. जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिम यांनी १८२२ साली जर्मानिक भाषांतल्या व्यंजनांच्या बदलांचा नियम मांडला, आणि तेव्हापासून उगमाच्या कुठल्याही दाव्याची पहिली कसोटी ध्वनींची झाली.

आपल्या शब्दापुरता हा नियम असा सांगता येतो : शब्दारंभी संस्कृतात ‘भ’ असेल, तिथे ग्रीकमध्ये ‘फ’, लॅटिनमध्येही ‘फ’ आणि इंग्रजीत ‘ब’ यायला हवा. ‘भरति’, ‘फेरो’, ‘फेरो’ आणि ‘बेअर’ हे चारही या चौकटीत बसतात. पण एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही, म्हणून दुसरी आणि तिसरी उदाहरणे शोधावीत. संस्कृत ‘भ्रातृ’, ग्रीक ‘फ्रातेर’, लॅटिन ‘फ्रातेर’ आणि इंग्रजी ‘ब्रदर’ ही मालिका तशीच आहे. असणे या अर्थाचा ‘भू’ हा धातू, लॅटिन ‘फुई’ आणि इंग्रजी ‘बी’ ही तिसरी मालिका. एवढे जुळल्यावर ‘बेअर’ आणि ‘भरति’चा धातू ‘भृ’ यांचे नाते मान्य करायला हरकत राहत नाही.

आता ‘धरणे’कडे परत वळू. अर्थाने ‘बेअर’च्या इतके जवळ असलेले हे क्रियापद ‘धृ’ धातूपासून आले आहे, आणि संस्कृतातल्या शब्दारंभीच्या ‘ध’समोर इंग्रजीत ‘ड’ यायला हवा, ‘ब’ येऊ शकत नाही. म्हणून ‘धरणे’ आणि ‘बेअर’ यांचा उगम एक असणे शक्य नाही. उलट ज्या मराठी क्रियापदाचा उगम खरोखर एक आहे, ते ‘भरणे’ अर्थाने बरेच दूर गेले आहे. ‘भार’ या नामात मात्र जुना अर्थ शाबूत आहे. संस्कृतात याच धातूचा अर्थ वाहण्यावरून सांभाळण्याकडे आणि सांभाळण्यावरून पोसण्याकडे सरकला, म्हणून ‘भर्ता’, ‘भार्या’, ‘भृत्य’ आणि ‘भरणपोषण’ हे शब्द तयार झाले. अर्थाचा शेजारी एक आणि रक्ताचा नातेवाईक दुसराच, ही परिस्थिती व्युत्पत्तीच्या अभ्यासात वारंवार आढळते, आणि ती ओळखता येणे हेच या सगळ्या खटपटीतले खरे कौशल्य आहे.

आडवाटेने आलेले नातेवाईक

इंग्रजीची एक खासियत अशी, की एकाच मुळाचे शब्द तिच्यात अनेक दारांनी आले. थेट वारशाने ‘बेअर’ आले आणि त्याच्याबरोबर ओझे या अर्थाचे ‘बर्डन’ व तिरडी या अर्थाचे ‘बिअर’ आले. जन्म या अर्थाचा ‘बर्थ’ याच मुळाचा आहे, पण तो बहुधा नॉर्समधून आला. लॅटिन ‘फेरो’च्या दाराने ‘ट्रान्सफर’, ‘रेफर’, ‘प्रिफर’, ‘डिफर’ आले, आणि दुःख भोगण्याच्या अर्थाचे ‘सफर’ हे क्रियापदही त्याच दाराने आले. त्याचा घटकशः अर्थ ‘खालून वाहणे’ असा होतो. ग्रीकच्या दाराने ‘मेटाफर’ आला, ज्यात अर्थ एकीकडून दुसरीकडे वाहून नेलेला असतो. ‘फॉस्फरस’ म्हणजे प्रकाश वाहणारा आणि लॅटिन ‘लुसिफर’ म्हणजेही तेच. संस्कृतातला ‘विश्वंभर’ हा शब्द या दोघांच्या घडणीशी ताडून पाहण्यासारखा आहे, कारण तिघांतही शेवटचा घटक एकाच धातूचा आहे.

लॅटिन ‘फेरो’ या क्रियापदाची सगळी रूपे एका धातूपासून बनत नाहीत. त्याचे भूतकाळवाचक धातुसाधित ‘लातुस’ हे आहे आणि ते एका वेगळ्याच धातूकडून उसने घेतलेले आहे. म्हणून ‘ट्रान्सफर’ आणि भाषांतर करणे या अर्थाचे ‘ट्रान्सलेट’ हे दोन शब्द, दिसायला इतके भिन्न असूनही, लॅटिनमधल्या एकाच क्रियापदाची दोन रूपे ठरतात. ‘रेफर’ आणि ‘रिलेट’ यांचेही तसेच आहे. तो दुसरा धातू उचलून धरण्याच्या अर्थाचा होता आणि संस्कृतातली ‘तुला’ व इंग्रजीतले ‘टॉलरेट’ हे त्याच कुटुंबातले मानले जातात. क्रियापदाचा उगम शोधताना त्याची सगळी रूपे एकत्र तपासावीत, याला यापेक्षा चांगले कारण सापडणार नाही. इंग्रजीतच पाहायचे तर ‘गो’चा भूतकाळ ‘वेन्ट’ हा ‘वेन्ड’ या दुसऱ्या क्रियापदाचा आहे.

रूपांचा आणि अर्थांचा प्रवास

‘बेअर’ची स्वतःची रूपेही काळाच्या ओघात बदलली. भूतकाळाचे जुने ‘बॅर’ हे रूप पुढे बी-ए-आर-ई असे लिहिले जाणारे ‘बेअर’ झाले, आणि १६११ साली प्रसिद्ध झालेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात तेच वापरलेले दिसते. आजचे ‘बोअर’ हे रूप त्याआधीच बोलण्यात शिरले होते; त्यातला ‘ओ’ धातुसाधित रूपाच्या प्रभावाने आला, आणि सतराव्या शतकात त्याने लेखनातही जुन्या रूपाची जागा घेतली. धातुसाधिताच्या बाबतीत एक व्यावहारिक फरक ध्यानात धरावा. ‘बोर्न’ हे शेवटी ई अक्षर न लावता लिहिले की ‘जन्मलेला’ असा कर्मणी अर्थ होतो आणि ई लावून लिहिले की ‘वाहिलेला, सोसलेला’ असा. ‘तिने तीन मुलांना जन्म दिला’ या कर्तरी वाक्यात मात्र जन्माचाच अर्थ असूनही ई लावतात. ही वाटणी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्की झाली. त्यापूर्वी दोन्ही लेखने अदलाबदलीने होत असत.

अर्थांकडे पाहता, वाहणे, सोसणे, जन्म देणे आणि आधार देणे हे चारही अर्थ जुन्या इंग्रजीतच आढळतात, म्हणून त्यांपैकी अमुक आधी आणि अमुक नंतर, असा क्रम इंग्रजीच्या पुराव्यावरून लावण्याचा हट्ट धरू नये. सजातीय भाषांत वाहण्याचा अर्थ जवळजवळ सर्वत्र भेटतो, म्हणून तो मूळचा मानतात. जर्मनमध्ये या मुळाचे ‘गेबेरेन’ हे क्रियापद फक्त जन्म देण्याच्या अर्थापुरते उरले. इंग्रजीत चौदाव्या शतकात फ्रेंचच्या वाटेने ‘कॅरी’ आले. ते गाडीवाचक लॅटिन शब्दापासून, म्हणजे ‘कार’च्याच कुटुंबातून आले आणि वस्तू इकडून तिकडे नेण्याचे रोजचे काम हळूहळू त्याने घेतले. म्हणूनच आज ‘बेअर’ने पिशवी उचलली तर ते अवघडलेले वाटते, आणि वाहण्याचा अर्थ शस्त्रे, साक्ष, नाव, खर्च अशा ठरावीक कर्मांपुरता उरला. अमेरिकेच्या संविधानातली, शस्त्रे बाळगण्याच्या हक्काविषयीची १७९१ची दुरुस्ती हे त्याचे सुप्रसिद्ध उदाहरण. यंत्रातले ‘बॉल बेअरिंग’ हे नाव भार पेलण्याच्या जुन्या अर्थावर उभे आहे.

डावीकडे बेअर करण्याचा जो कर्म नसलेला वापर आपण बाजूला ठेवला होता, तो या यादीत उशिराचा आहे. एखाद्या दिशेने जोर टाकणे, रेटणे आणि त्या रेट्याने पुढे सरकणे, अशा मार्गाने तो आला. कर्म गळाले की क्रियापदाचा अर्थ बहुधा हालचालीकडे झुकतो, असे अन्य क्रियापदांतही दिसते.

या सगळ्या इतिहासावरून आजचा योग्य अर्थ ठरवण्याचा मोह मात्र आवरावा. मूळ अर्थ वाहणे आहे, म्हणून खर्च बेअर करणे हा वापर अधिक शुद्ध आणि डावीकडे बेअर करणे अशुद्ध, असे म्हणता येत नाही. आजचा अर्थ आजची वाक्येच ठरवतात. तो अर्थ कुठून कसा आला, एवढेच इतिहास सांगतो.

नोंद आणि पुढची क्रियापदे

शोध संपल्यावर सापडलेले सगळे एका नोंदीत लिहून ठेवावे. प्रथम आजचे अर्थ आणि प्रत्येकाचे एक वाक्य, नंतर वापराच्या मर्यादा, मग वेगळे काढलेले सारखे दिसणारे शब्द, मग थेट पूर्वज, मग सजातीय शब्द, आणि तारांकित रूप सर्वांत शेवटी, तारांकनासह. कोशांत जिथे मतभेद असतील, तिथे दोन्ही मते लिहावीत.

‘बेअर’नंतर ‘नो’, ‘ईट’ आणि ‘स्टँड’ ही क्रियापदे हाती घेणे सोयीचे पडेल. ‘नो’च्या लेखनातला न उच्चारला जाणारा ‘के’ संस्कृत ‘ज्ञा’पर्यंत कसा पोहोचतो, ते पाहावे. ‘ईट’ आणि ‘अद्’ यांत ‘द’चा ‘ट’ नियमाप्रमाणे होतो. ‘स्टँड’ आणि ‘स्था’ यांत मात्र आधीच्या ‘स’मुळे ‘ट’ जागचा हलत नाही, म्हणजे ग्रिमच्या नियमाचा अपवादही नियमानेच चालतो. ‘ड्रिंक’ मागाहून घ्यावे. त्याचा माग जर्मानिक भाषांपर्यंतच लागतो आणि त्यापलीकडे खात्रीचा सजातीय शब्द मिळत नाही, तेव्हा तिथे नोंद थांबवावी आणि उगाच संस्कृत धातू जोडू नये.